मंदावलेला सूर्य

गेल्या माघांत एका स्नेह्याच्या आग्रहावरून वडशास जाण्याचा योग आला. वैनगंगेच्या पूर्वतीरावरील हें गांव सरकारदप्तरीं देसाईगंज म्हणून नोंदलेलें असलें, तरी रेल्वेचें स्थानक आणि लोकांची जीभ हीं दोन्ही 'वडसा' हें नांव सोडावयास तयार नाहींत. झाडीपट्टीच्या रंगभूमीचें हें माहेरघर होय. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी उरकली म्हणजे येथील मंडळ्या गांवोगांव नाटकें करीत हिंडतात. आणि नाटक म्हटलें म्हणजे तें रात्रीं उशिरां सुरू होऊन पहांटे संपावयाचें, असा येथील शिरस्ता आहे. जवळच्या एका खेड्यांत असेंच एक नाटक आम्हीं पाहिलें. नाटक बरें होतें. थंडी मात्र नाटकाहून प्रभावी होती. भरतवाक्य झालें तेव्हां पूर्वेकडील जंगलावर नुकतें कोठें तांबडें फुटत होतें. पण प्रेक्षकांपैकीं फारसें कोणी उठेना. घोंगड्या आणि चादरी लपेटून सारे जागच्या जागीं बसून राहिले होते आणि सर्वांचीं तोंडें एकाच दिशेस वळलेलीं होतीं.

माझ्या शेजारच्या एका तरुणानें थट्टेनें म्हटलें, "आज हा निंगलाच नाही तं कसा होईल जी?"

त्यास उत्तर दिलें तें एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें. क्षणाचाहि विलंब न लावतां तो म्हणाला, "धान नाही होनार." एवढें बोलून त्यानें विडी पेटविली.

हेंच मला कोणी विचारलें असतें, तर 'थंडी पडेल, सारें गोठून जाईल' असें मी उत्तर दिलें असतें. आणि तें सर्वस्वीं चूक ठरलें असतें असेंहि नाहीं. पण मी इतिहासाचा अध्यापक. त्यामुळें परत आल्यावर त्या दोन उत्तरांची तुलना मीं आपल्या पद्धतीनें करून पाहिली. सूर्याचें तेज खरोखर कमी झालें होतें असे प्रसंग पृथ्वीच्या आणि मनुष्याच्या इतिहासांत कोणते, आणि त्या त्या वेळीं काय झालें? ह्या शोधांत मला फार लांब जावें लागलें नाहीं, ह्याचें मात्र आश्चर्य वाटलें. बरीचशी साक्ष जुन्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे १९८२ सालीं ज्याचे चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन भाग झाले त्या प्रदेशांत किंवा त्याच्या आसपासच, पडलेली आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आमच्यासारख्यांचें शिक्षण इंग्रजी पुस्तकांवर झालेलें. महाविद्यालयांत असतांना वेल्सची 'टाइम मशीन' ही १८९५ सालची कादंबरी वाचली होती. तिच्या शेवटास निस्तेज, तांबडा सूर्य एका ओसाड समुद्रकिनाऱ्यावर लोंबकळत राहिलेला दाखविला आहे, आणि तें चित्र एकदां डोळ्यांपुढें उभें राहिलें म्हणजे सहसा पुसलें जात नाहीं. तें वेल्सच्या पदरचें नव्हतें. त्या काळच्या पदार्थविज्ञानाची तशीच समजूत होती. सूर्य हा आकुंचन पावतां पावतां उष्णता देणारा एक गोळा आहे, असें हेल्महोल्ट्झनें मांडलें होतें. आणि त्याच आधारावर केल्व्हिननें १८६२ मध्यें हिशेब केला कीं, उष्णतेचा एखादा अज्ञात सांठा निघाला नाहीं, तर सूर्य कांहीं दशलक्ष वर्षांहून फार अधिक काळ पृथ्वीस पोसूं शकणार नाहीं. तो अज्ञात सांठा पुढें निघाला. आमच्या मेघनाद साहांनीं १९२० मध्यें ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ लावण्याची किल्ली हातीं दिली. तिच्या साहाय्यानें सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा आहे हें पुढें उघडकीस आलें, आणि त्या हायड्रोजनचें हेलियम होतांना ऊर्जा कशी निघते हें १९३९ मध्यें बेथे यानें दाखवून दिलें.

ह्या नव्या ज्ञानानें जुनें चित्र नुसतें लांबणीवर टाकलें नाहीं, तर तें उलटें केलें. सूर्य वयाबरोबर मंद होत नाहीं, प्रखर होत जातो. त्याचें वय सुमारें ४६० कोटि वर्षें आहे, आणि जन्माच्या वेळीं त्याचें तेज आजच्यापेक्षां जवळजवळ ३० टक्क्यांनीं कमी होतें. पुढें शंभर कोटि वर्षांत तें आणखी दहा टक्क्यांच्या आसपास वाढेल, आणि पृथ्वीवरील समुद्रांस धोका आहे तो त्या उन्हाचा, गारठ्याचा नव्हे. सूर्य खरोखरीच विझूं लागेल तो ह्यानंतर कित्येक अब्ज वर्षांनीं, फुगून तांबडा राक्षस होऊन गेल्यावर. आणि तेव्हां पाहावयास येथें कोणी असण्याचा संभव नाहीं. सारांश, मंद सूर्य हा भविष्याचा विषय नसून भूतकाळाचा आहे. भविष्यवाद्यानें सांगावयाची गोष्ट इतिहासकाराच्या अंगणांत येऊन पडली आहे.

भूतकाळाची अशी पहिली साक्ष चांद्याजवळ इरई येथें आहे. भूस्तरखात्याचा फ्रान्सिस फेडन हा अधिकारी ह्या भागांत हिंडत असतां त्यास तेथें चुनखडीच्या जुन्या खडकाचा एक पृष्ठभाग दिसला. तो एखाद्या फरशीसारखा घासून गुळगुळीत झालेला असून त्यावर एकमेकांस समांतर असे ओरखडे होते. त्याच्या वर, बारीक मातीच्या थरांत, लहानमोठे धोंडे वेडेवांकडे रुतून बसलेले होते. कांहीं धोंड्यांवरहि तसेच ओरखडे होते. वाहत्या पाण्याचें हें काम नव्हे. पाणी धोंडे गोल करतें आणि आकाराप्रमाणें निवडून टाकतें. मोठ्यांस व लहानांस एकत्र कालवून, वर खालच्या खडकावर रेघा ओढीत नेण्याचें काम बर्फच करतो. फेडननें आपला हा निष्कर्ष १८७५ मध्यें प्रसिद्ध केला. ओरिसांतील तालचीर येथें १८५६ मध्यें ब्लॅनफर्ड बंधूंनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें असल्याच धोंड्यांवरून बर्फाची कल्पना मांडली होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवावयास पुष्कळ विद्वान् तयार नव्हते. इरईच्या त्या घासलेल्या खडकानें शंकेखोरांच्या पायांखालची जमीन बरीच सरकली.

ज्या चांद्यांत वैशाखाच्या दुपारीं पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि वडशाच्या पलीकडच्या तीरावरील ज्या ब्रह्मपुरीचें नांव देशांतील सर्वांत तप्त गांवांच्या यादींत वारंवार झळकतें, तेथें बर्फाचे थर होते! हा काळ सुमारें तीस कोटि वर्षांपूर्वींचा. तेव्हां भारतवर्ष आजच्या जागीं नव्हतें. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ह्यांस चिकटून तें दक्षिण ध्रुवाकडे होतें. त्या महाखंडास आज सारें जग 'गोंडवन' म्हणून ओळखतें, आणि हें नांव ह्याच गोंडांच्या भूमीवरून घेतलेलें आहे. भूशास्त्राच्या परिभाषेंत आमच्या अरण्यांचें नांव अजरामर झालें, तेथील रहिवाशांस मात्र त्याची वार्ता बहुधा नसते.

त्या वेळचा सूर्य आजच्यापेक्षां दोन-तीन टक्क्यांनीं मंद होता. पण म्हणून 'सूर्य मंद, तेव्हां बर्फ' असा सरळ हिशेब मांडतां येत नाहीं. त्याच्याहि पूर्वीं, जेव्हां सूर्य याहून कितीतरी मंद होता, तेव्हां पृथ्वीवर द्रवरूप पाणी खळाळत होतें, ह्याचे पुरावे आहेत. हें कोडें सेगन आणि मलेन ह्यांनीं १९७२ मध्यें जगापुढें ठेवलें. त्याच्या उत्तराचा मोठा भाग हवेंतील उष्णताधारक वायूंत असावा. सूर्य मंद असला तरी पांघरूण जाड असेल तर भागतें. आणि सूर्य थोडा मंद, जागा ध्रुवाजवळची आणि हवेंतील कर्बवायूचें पांघरूण विरलेलें असे तीन योग एकत्र आले, तेव्हां इरईवर बर्फ आला.

बर्फ ओसरल्यावर त्याच खोलगट भूमींत दलदली झाल्या, जिभेच्या आकाराच्या पानांच्या झाडांचीं दाट अरण्यें माजलीं आणि गाडलीं गेलीं. वरोरा, बल्लारपूर, घुग्घुस येथील खाणींतून निघालेला कोळसा तो हाच. चंद्रपूरच्या २९२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रांत जो जळतो तो त्या मंद सूर्याचा सांठविलेला प्रकाश होय. त्या झाडांनीं हवेंतून जो कर्ब लाखों वर्षें बसून वेचला, तो आपण कांहीं पिढ्यांत परत हवेंत सोडीत आहों. ह्या व्यवहाराकडे पुढें परत यावें लागेल.

दुसरी साक्ष वरोरा तालुक्यांतील पिसदुरा ह्या गांवची, आणि मला विचाराल तर ती इरईहून अधिक विलक्षण आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, येथील शेतांत प्रचंड सरड्यांचीं अश्मीभूत हाडें सांपडत आलीं आहेत. हाडांबरोबर आणखी एक वस्तु येथें विपुल मिळते, आणि ती म्हणजे त्या प्राण्यांची दगड झालेली विष्ठा. सभ्य मासिकांत असा विषय काढल्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. पण इतिहासाचीं साधनें नेहमींच राजदरबारांत मिळतात असें नाहीं. लखनौच्या संशोधकांनीं आपल्या परदेशीय सहकाऱ्यांसह ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासली, तेव्हां तींत गवताचे वाळूसारखे कण सांपडले. गवतें ह्या महाकाय प्राण्यांच्या नंतर उत्पन्न झालीं, असें तोंवर समजत असत. २००५ सालच्या ह्या शोधानें ती समजूत मोडली. पुढें २०११ मध्यें त्याच मंडळींनीं दाखविलें कीं, ह्या गवतांत भाताच्या कुळांतील गवतेंहि होतीं. ज्या जिल्ह्याचें अर्धें जीवन धानावर चालतें, त्या जिल्ह्यांत भातकुळाचा इतका प्राचीन पूर्वज निघावा, हा योगायोग नुसताच हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

ह्या भातकुळानें खराखुरा अंधार पाहिला आहे. ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ सुमारें दहा किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह येऊन आदळला. आदळल्याच्या ठिकाणीं जें झालें तें झालेंच. पण बाकीच्या पृथ्वीचा घात केला तो आकाशांत उडालेली धूळ, काजळी आणि गंधकाचे कण ह्यांनीं. कांहीं महिने, कदाचित् दोनएक वर्षें, सूर्यप्रकाश इतका अडला कीं वनस्पतींस आपलें अन्न शिजवितां येईना. सूर्य होता तसाच होता. पृथ्वीपुरता तो विझला. त्याच सुमारास आमच्या दख्खनचा काळा पाषाण लाव्हाच्या रूपानें ओतला जात होता, आणि नाशांत त्याचा वांटा किती ह्यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाहीं. जिवांच्या सुमारें तीन-चतुर्थांश जाति नष्ट झाल्या. त्यांच्या मरणाचा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. थंडी आलीच, पण थंडीच्या आधीं, आणि थंडीहून निश्चितपणें, मारलें तें उपासमारीनें. आधीं हिरवें वाळलें, मग हिरव्यावर जगणारे गेले, मग त्यांच्यावर जगणारे. मातींत बीं म्हणून निजूं शकणारे, कुजलेल्यावर गुजराण करणारे आणि थोडक्यांत भागविणारे असे अधिक वांचले. गवतें वांचलीं तीं बहुधा ह्यामुळेंच. विडी पेटविणाऱ्या म्हाताऱ्याचें उत्तर हेंच होतें.

आतां मनुष्याच्या काळाकडे येऊं. येथें आकडे एकदम लहान होतात. उपग्रहांवरून १९७८ पासून सूर्याच्या तेजाचें मोजमाप अखंड चाललें आहे. त्याच्या अकरा वर्षांच्या आवर्तनांत तें हजारांत एका भागानें कमीअधिक होतें, एवढेंच. डाग अधिक असतात तेव्हां, आश्चर्य असें कीं, तो किंचित् अधिक तेजस्वी असतो. इ. स. १६४५ ते १७१५ ह्या सत्तर वर्षांत मात्र डाग जवळजवळ दिसेनासे झाले होते. जुन्या नोंदी चाळून हें ठासून सांगणारा ज्योतिर्विद एडवर्ड मॉण्डर हा होय, आणि त्या कालखंडास १९७६ मध्यें त्याचेंच नांव मिळालें.

हाच मॉण्डर एकदां आमच्याकडे येऊन गेला होता. २२ जानेवारी १८९८ रोजीं, पौषी अमावास्येस, खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावरून ईशान्येस वऱ्हाड आणि वर्धा ओलांडून पुढें गेली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर, जेऊर येथें लिक वेधशाळेचा कॅम्पबेल आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला, वऱ्हाडांत तळणी येथें मॉण्डर पतिपत्नी, पुलगांव येथें आणखी एक इंग्रज तुकडी, अशा छावण्या पडल्या होत्या. ॲनी मॉण्डर हिनें तळणीस सूर्याच्या प्रभेचा जो लांबच लांब पट्टा टिपला, तेवढा लांब तोंपर्यंत कोणाच्याहि छायाचित्रांत आला नव्हता. सुमारें दोन मिनिटें तेथें भर दुपारीं रात्र झाली. झाडीपट्टी खग्रास पट्ट्याच्या आग्नेयेस राहिल्यामुळें येथें ग्रहण खंडग्रासच दिसलें. (विजयदुर्गावर लॉकियरनें हेलियमचा शोध लावला, असें आमच्याकडे अभिमानानें सांगतात. तें खरें नाहीं. हेलियमची पिवळी रेघ ज्या ग्रहणाशीं निगडित आहे तें १८६८ सालचें, आणि तेव्हां लॉकियर इंग्लंडांत होता.)

मॉण्डरच्या त्या सत्तर वर्षांकडे मराठी वाचकानें पाहिलें कीं त्यास कांहीं ओळखीचें दिसतें. शिवाजीमहाराजांचे पहिले किल्ले हातीं येण्याचा काळ, १६७४ चा राज्याभिषेक, संभाजीमहाराजांचा अंत, राजाराम व ताराबाई ह्यांची झुंज, औरंगजेबाचें मरण आणि बाळाजी विश्वनाथाची पेशवाई, हें सारें त्या निष्कलंक सूर्याखालीं घडलें. एखाद्या उत्साही वक्त्यास ह्यावरून सुंदर अलंकार सुचेल. इतिहासकारानें मोह आवरावा. त्या काळीं सूर्याचें तेज घटलें तें हजारांत एक-दोन भागांहून फारसें अधिक नसावें, आणि त्यामुळें जगाचें सरासरी उष्णतामान उतरलें तें अंशाच्या कांहीं दशांशांनीं. दख्खनमध्यें १७०२ ते १७०४ ह्या वर्षांत दुष्काळ आणि रोगराई होती हें खरें. पण गुजराथ-दख्खनचा तो भीषण १६३०-३२ चा दुष्काळ डाग नाहींसे होण्याच्या आधीं पडला होता. सूर्यावर आरोप ठेवावयाचा तर तारखा जुळल्या पाहिजेत, आणि त्या जुळत नाहींत.

तारखा न जुळतांहि सूर्यावर आरोप ठेवण्याचा एक मोठा उद्योग आमच्याच देशांत झाला. वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'च्या आदित्यचार नामक अध्यायांत सूर्यबिंबावर दिसणाऱ्या 'तामसकीलकां'चा उल्लेख करून त्यांचें फळ दुष्काळ, राजनाश वगैरे सांगितलें आहे. सहाव्या शतकांतल्या ज्योतिष्यानें असें लिहिलें तर आपण तो भोळेपणा म्हणतों. परंतु १८७७ मध्यें, दक्षिणेंत दुष्काळानें लाखों माणसें मरत असतां, तेच विजयदुर्गवाले लॉकियरसाहेब आणि हिंदुस्थान सरकारचे संख्याशास्त्रज्ञ हंटर ह्या दोघांनीं मिळून इंग्लंडांतील एका मासिकांत सूर्यावरील डाग आणि हिंदुस्थानांतील दुष्काळ ह्यांचा संबंध जोडणारा लेख प्रसिद्ध केला. डाग कमी झाले कीं मद्रासेकडील पाऊस कमी होतो आणि दुष्काळ अकरा वर्षांच्या चक्रांत येतात, असें त्यांचें प्रतिपादन होतें. पुढें दुष्काळ आयोगानेंहि सूर्याच्या नियमित वेधांचा पुरस्कार केला, आणि कोडाईकनालची सौर वेधशाळा १८९९ मध्यें उभी राहिली तिच्यामागें हा हेतु होता. त्या वेधशाळेचें पुढील काम थोर आहे. तिच्याविषयीं माझी तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्या वेळच्या हिशेबाविषयीं. त्याच १८७७ मध्यें रिचर्ड टेंपल ह्यानें दुष्काळी कामांवरील मजुराचें धान्य दिवसास एका पौंडावर आणलें. मुंबई इलाख्यांत मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची हकीगत गोळा करून सरकारपुढें मांडली. देशांतून विलायतेस गहूं जातच होता. अशा वेळीं दोषी आकाशांत सांपडला तर जमिनीवरच्या कारभाऱ्यांस तो सोयीचाच असतो.

सूर्यानें साथ दिली नाहीं. डागांचा पुढचा कळस १८९३-९४ चा आणि तळ १९०१ च्या सुमाराचा. पण १८९६-९७ चा मोठा दुष्काळ ह्या दोहोंच्या अधेंमधेंच येऊन पडला, आणि त्यांत आमच्या मध्यप्रांताचेहि अतोनात हाल झाले. १९०४ मध्यें हवामानखात्याचा प्रमुख होऊन आलेल्या गिल्बर्ट वॉकरनें वर्षानुवर्षांचे आकडे एकमेकांशीं ताडून पाहिले, तेव्हां डागांचा आणि आमच्या पावसाचा संबंध भरंवसा ठेवण्याइतका निघेना. त्याऐवजीं त्यास पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा तो सुप्रसिद्ध हेलकावा सांपडला. दुष्काळाचा माग घेत तो सूर्याकडून समुद्राकडे वळला, हेंच खरें शास्त्र.

मग सूर्य मंदावण्याचा आणि पावसाचा कांहींच संबंध नाहीं काय? आहे, पण तो डागांच्या त्या केसाएवढ्या फरकांत शोधण्यांत अर्थ नव्हता. एकंदर सूर्यतेज शंभरांत एका भागानें कायमचें घटलें, तर पृथ्वीचें सरासरी उष्णतामान कालांतरानें दीड-दोन अंशांनीं उतरेल असा अंदाज आहे. आमच्या झाडीपट्टीस दीड अंशाचें काय सोयरसुतक? चैत्र-वैशाखांत तर तो प्रसादच वाटेल. परंतु मौसमी वारा म्हणजे तापलेल्या भूमीनें समुद्रास घातलेली हाक आहे, आणि पाऊस म्हणजे उन्हानें उचललेलें पाणी. ऊन घटलें कीं समुद्रावरून वाफ कमी उठते, भूमि व सागर ह्यांच्या तापांतील अंतर कमी होतें आणि ती हाक क्षीण होते. आमचा शेतकरी पावसाचीं नक्षत्रें मोजतो तीं चंद्राचीं नव्हेत, सूर्याचीं. सूर्य मृगांत शिरला कीं तो बीं काढतो. त्या पंचांगांत हें नातें फार जुन्या काळापासून नोंदलेलें आहे.

ह्याची परीक्षा ज्वालामुखींनीं घेतली आहे. १८१५ च्या एप्रिलमध्यें सुंबावा बेटावरील तांबोरा फुटला. त्याच्या गंधकाच्या धुक्यानें पुढच्या वर्षीं युरोपास उन्हाळाच दिसला नाहीं. हिंदुस्थानांत थंडीची कोणीं तक्रार केली नाहीं. येथें पावसाळा बिघडला. त्यानंतरच्या १८१७ मध्यें बंगाल्यांत पटकीची महामारी उसळली, त्याच नोव्हेंबरांत पेंढाऱ्यांवर निघालेल्या हेस्टिंग्जच्या छावणीचा तिनें फडशा उडविला, आणि मराठी राज्य बुडत असतां ती दख्खनमध्यें उतरली. तांबोरा आणि पटकी ह्यांचा धागा कांहीं लेखक जोडतात. मला तो अद्याप कच्चाच वाटतो. १९९१ च्या पिनाटुबोची गोष्ट मात्र पक्की आहे, कारण त्या वेळीं मोजणारीं यंत्रें होतीं. फिलिपाईन्समधील ह्या ज्वालामुखीमुळें पुढच्या वर्षीं पृथ्वी सुमारें अर्ध्या अंशानें निवली, आणि त्याच सुमारास जगांतील भूभागांवरचा पाऊस व नद्यांचें पाणी ठळकपणें घटलें.

आतां कोळशाच्या व्यवहाराकडे. चांद्याच्या आणि जगांतील इतर खाणींच्या धुरानें दोन गोष्टी परस्परविरुद्ध केल्या. त्यांतील कर्बवायूनें पृथ्वीचें पांघरूण जाड केलें. आणि त्यांतील काजळीनें व गंधकानें खालीं पोंचणारें ऊन अडविलें. आपल्या डोक्यावरचा सूर्य गेल्या कांहीं दशकांत खरोखरीच मंदावला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं देशांतील बारा ठिकाणांच्या १९८१ ते २००४ ह्या वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां भूमीवर पोंचणारें सूर्यतेज सतत उतरत असल्याचें आढळलें. रामनाथन् आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ मध्यें दाखविलें कीं, हें धुरकट आच्छादन आणि उष्णताधारक वायु ह्या दोहोंमुळें भारतांतील भाताचें उत्पन्न झालें असतें त्याहून कमी झालें. आषाढ-श्रावणांत बांधीवर आधींच ढगांचें छत असतें. धानास तेव्हां ऊन मिळतें तें उसनवारीचें, आणि त्यांतूनहि धूर आपला वांटा काढून घेतो.

आणि आतां कांहीं लोकांच्या मनांत हें काम बुद्धिपुरःसर करावयाचें आहे. वातावरणाच्या उंच थरांत गंधकाचे सूक्ष्म कण पसरून, पिनाटुबोनें केलें तें मुद्दाम व वर्षानुवर्षें करावें, सूर्याचा एखादा टक्का परतवावा, म्हणजे तापलेली पृथ्वी निवेल, अशी ही योजना. ती वेड्यांची नाहीं; मोठमोठ्या विद्यापीठांतील माणसें तीवर विचार करीत आहेत, आणि ज्या उन्हाळ्यांत ब्रह्मपुरीस माणूस रस्त्यावर कोसळून मरतो त्या उन्हाळ्यांत ती सहज हंसण्यावारी नेतां येत नाहीं, हेंहि मी कबूल करतों. पण गणिती प्रतिमानांत हा प्रयोग करून पाहिला म्हणजे उष्णतामान ठिकाणावर येतें आणि पाऊस येत नाहीं. कर्बवायूचें पांघरूण रात्रंदिवस सर्वत्र असतें. परतविलेलें ऊन दिवसाचें, आणि उष्ण कटिबंधाचें अधिक असतें. एकाची भरपाई दुसऱ्यानें होत नाहीं, आणि राहिलेली तूट मौसमी वाऱ्याच्या खात्यावर पडते. अमेरिकेंतील एका लहानशा कंपनीनें २०२२ मध्यें मेक्सिकोंत गंधकवायूचे फुगे कोणास न विचारतां सोडले. मेक्सिकोनें पुढच्या जानेवारींत असल्या प्रयोगांस बंदी घालण्याचें जाहीर केलें. २०२४ मध्यें नैरोबीस राष्ट्रांची पर्यावरणसभा भरली, तींत ह्या विषयाचा केवळ विचार कसा करावा ह्याविषयींच्या ठरावावरहि एकमत झालें नाहीं. ज्यांचा गहूं थंडींत वाढतो तीं राष्ट्रें आणि ज्यांचें धान पावसांत उभें राहतें तीं राष्ट्रें एकाच मेजाभोंवतीं बसलीं असतां, सूर्याचा एक टक्का ह्या शब्दांचा अर्थ दोघांच्या कानांत एकच कसा असेल? १८७७ मध्यें दुष्काळाचा दोष सूर्यावर टाकणें सोयीचें होतें. ह्या पुढच्या दुष्काळाच्या वेळीं सूर्याचा दिवा कोणीं बारीक केला, आणि धान गेलें तें त्यामुळें कीं समुद्राच्या हेलकाव्यामुळें, हें वडशाच्या शेतकऱ्यास कोणत्या कचेरींत जाऊन सिद्ध करावें लागेल, तें मला ठाऊक नाहीं.

त्या दिवशीं पहांटे हें सगळें माझ्या डोक्यांत नव्हतें, त्यामुळें म्हाताऱ्याशीं मी कांहीं बोललों नाहीं. जंगलाच्या शेंड्यांवरून पहिलें ऊन रंगमंचाच्या कनातीवर पडलें, तसे लोक एकेक उठूं लागले. तरुणानें त्यास पुन्हां छेडलें, "निंगला का नाही जी?" म्हाताऱ्यानें विडी विझविली, चादर झटकली आणि उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांना कालव्याचें पाणी लागलें कीं नाहीं तें पाहावयास तो बांधीकडे चालूं लागला.